शेजारची कोंबडी, आपली नाचणी

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की आमच्याकडे गेली चार वर्षं पालेभाजी विकत आणलेली नाही, वरच्या आळीतल्या वहिनींकडे आमची अंडी जातात आणि त्यांच्याकडून मेथी, चाकवत, वांगी येतात. एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली, इतके व्हॉट्सॲप आले की संपादकांनी फोन करून सांगितलं, काकू, या वेळचं सदर फक्त यावरच करा. मला वाटलं लोक विचारतील कुठली जात पाळू, काय खायला घालू. पण छे, निम्म्याहून जास्त पत्रं भांडणाची! कोंबडी देऊन तोंड वाकडं झालं, कोंबडी घेऊन बोलणं बंद झालं, असंच सगळं. घ्या मग.

काकू, मी पाटण तालुक्यातून लिहितेय. दिवाळीच्या आधी मी माझी एक गिरिराज कोंबडी शेजारच्या जाऊबाईंना दिली (सख्ख्या नाहीत, भावकीतल्या) आणि त्यांनी मला दोन पायल्या नाचणी दिली. माझ्याकडे ती एक दिवसाआड तरी अंडं द्यायचीच. त्यांच्याकडे जाऊन महिना झाला, एक अंडं नाही. आता त्या म्हणतात म्हातारी कोंबडी गळ्यात मारलीस, माझी नाचणी परत दे. नाचणी तर आम्ही दळून खाल्लीसुद्धा. काय करू?

नाचणीचं मागून बघू, आधी कोंबडीचं बघू.

कोंबडीची जागा बदलली की ती अंडी बंद करते, हे पहिलं. नवीन खुराडं, नवीन माणसं, आणि आधीच्या कोंबड्या नवीनला टोचून टोचून कोपऱ्यात बसवतात, दाण्यापाशी येऊ देत नाहीत. दोनतीन आठवडे यात सहज जातात. दुसरं म्हणजे तुम्ही दिलीत दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा दिवस लहान होत चाललेले असतात आणि कोंबडीला नीट अंड्यावर राहायला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. याच दिवसांत बऱ्याच कोंबड्या पिसं गाळतात. पिसं गाळणारी कोंबडी अंडं देत नाही, तिची सगळी ताकद नवीन पिसांत जाते आणि हे दोन-तीन महिनेसुद्धा चालतं. म्हणजे तुमची कोंबडी फसवी नाही, वेळ फसवी होती.

पण जाऊबाईंना हे तोंडी सांगून पटणार नाही, म्हणून त्यांच्याच हातानं बघू द्या. संध्याकाळी कोंबडी खुराड्यात गेली की अलगद काखेत घ्या, तोंड मागे, शेपूट पुढे. शेपटीच्या खाली दोन बाजूंना दोन बारीक हाडं लागतात, त्यांच्यामध्ये आपली बोटं आडवी ठेवून बघायची. दोन-तीन बोटं आरामात बसली, खालची जागा ओलसर आणि सैल असली, तुरा लाल आणि मऊ असला तर ती कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम बसतंय, जागा कोरडी, आवळलेली आणि तुरा फिका सुकलेला, तर सध्या बंद. माझ्या सासूबाई बाजारात उभ्या उभ्या हे करायच्या आणि विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

आणि हो, बोटं तीन बसली आणि तरी अंडं दिसत नसेल तर अंडं होतंय, फक्त तुम्हाला मिळत नाहीये. माझ्या एका तांबड्या कोंबडीनं मला असंच महिनाभर बनवलं होतं. मी तिला शिव्या देत होते आणि ही बया रोज दुपारी गोठ्यामागच्या पेंढ्याच्या गंजीत मागून भोक करून आत जायची. एक दिवस पेंढा ओढायला गेले तर हाताला गरम लागलं. मोजली, चौदा! त्यातली नऊ पाण्यात टाकल्यावर तळाला आडवी बसली, ती खाल्ली. तीन उभी राहिली, ती लगेच उकडून पिवळं कोंबड्यांनाच चुरून घातलं. दोन तरंगली ती लांब नेऊन पुरली. तेव्हा जाऊबाईंना म्हणावं, परसात नीट शोधा, लाकडाच्या ढिगामागे, जुन्या टोपलीत.

आता नाचणी. परत देऊ नका, कारण तो सौदा होता आणि सौदा झाला तेव्हा कोंबडी चालू होती. पण तुम्ही दोघींनी एक गोष्ट बोलूनच घेतली नाही, आणि मला आलेल्या जवळजवळ सगळ्या पत्रांत हेच दुखणं आहे. आपल्याकडे शेजाऱ्याला वस्तू देण्याचे तीन प्रकार, आणि तिन्हीला वेगळे शब्द आहेत. वानोळा म्हणजे आपल्या परसातलं पहिलं काही आलं, दोन भोपळे, चार पेरू, ते प्रेमानं पाठवलं, त्याचा हिशोब नाही आणि परत मिळायची वाटही बघायची नाही. उसनं म्हणजे वाटीभर साखर नेली, वाटीभरच परत, जमलं तर चिमूटभर वर. आणि अदलाबदल म्हणजे सौदा, माझं हे, तुझं ते, इथंच फिटलं. भांडणं होतात ती एकीनं वानोळा म्हणून दिलेलं असतं आणि दुसरीनं ते उसनं समजून खाल्लेलं असतं म्हणून, किंवा तुमच्यासारखं, तुमच्या मनात सौदा आणि त्यांच्या मनात वर्षभराच्या अंड्यांची गॅरंटी. त्यामुळे देतानाच तोंड उघडून म्हणायचं, वहिनी हा वानोळा आहे हं, किंवा वहिनी हे आपलं फिटलं हं. एवढं एक वाक्य.

तुमच्या केसमध्ये मी असं करीन, संक्रांतीपर्यंत आठवड्याला चारपाच अंडी तुमच्याकडून त्यांना पोचवायची, वानोळा म्हणून, आणि तसं म्हणूनच. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत गेला की ती गिरिराज आपोआप सुरू होईल. झाली की त्याच तुम्हाला हाक मारून दाखवतील बघा.

एक कानमंत्र, पायलीनं देऊ-घेऊ नका. शाळेत आमच्या पिढीला पाठच होतं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अडशिरी, दोन अडशिरी एक पायली. पण गावागावात पायली लहानमोठी, आणि त्यात माप शिगेचं की सपाट यावर वेगळं महाभारत. काटा घ्या, किलोत बोला.

नमस्कार ताई, बार्शीहून लिहितोय. आमच्या शेजाऱ्यांकडे दोन म्हशी आहेत, आमच्याकडे पंचवीस गावरान कोंबड्या. त्यांना अंडी हवीत, आम्हाला घरचं तूप. पण रेट कसा ठरवायचा तेच कळेना. ते म्हणतात एक किलो तुपाला शंभर अंडी, आमच्या घरात म्हणतात शंभर म्हणजे लूट आहे. दोन्ही घरी माणसं चांगली आहेत म्हणून पैशाचं बोलायला लाज वाटते.

दादा, लाज सोडा, चांगल्या माणसांशीच पैशाचं स्पष्ट बोलता येतं, वाईटांशी कुठं येतंय.

तुपात किती दूध जातं ते आधी घरच्यांना सांगा. म्हशीच्या दुधाला साडेसहा-सातच्या आसपास फॅट धरलं तर किलोभर तुपाला पंधरा-सोळा लिटर दूध लागतं, आणि साय, विरजण, घुसळणं, कढवणं यात थोडं वाया जातं ते धरून घरी सतरा-अठरा लिटर म्हणा. एवढं दूध डेअरीला घातलं असतं तर त्यांना काय मिळालं असतं ते तुम्हाला तुमच्या गावात माहीतच असेल. त्यावर कढवणाऱ्या बाईचा अर्धा दिवस आणि गॅस.

आणि तुमच्या बाजूनं, गावरान कोंबडी वर्षाला फार तर साठ ते ऐंशी अंडी देते, मधे मधे खुडूक होते (अंडी थांबवून उबवायला बसते), पिल्लं सांभाळते. पंचवीस कोंबड्यांत एका वेळी अंड्यावर किती असतात ते तुम्हीच मोजा. शंभर अंडी म्हणजे तुमच्या एका चांगल्या कोंबडीचं वर्षभराचं सगळं काम आणि वर थोडं. त्यामुळे घरात लूट वाटणं साहजिक आहे, पण तिकडचे अठरा लिटर दूधही खोटं नाही ना!

मी काय करते सांगते. बाजारात तीच वस्तू आपण विकायला नेली तर व्यापारी काय देईल तो एक भाव, आणि आपण विकत घ्यायला गेलो तर दुकानदार काय घेईल तो दुसरा भाव. दोन्हीच्या मधला धरायचा, दोन्ही वस्तूंना. म्हणजे दोघंही बाजारात विकण्यापेक्षा जास्त मिळवतात आणि विकत घेण्यापेक्षा कमीत घेतात, मधल्या माणसाचा वाटा दोघांत वाटला जातो. हे एकदा कागदावर लिहून दोघांच्या फ्रीजवर चिकटवा आणि दर चार महिन्यांनी बदला, कारण श्रावणात अंडी पडून राहतात आणि थंडीत मागून मिळत नाहीत, तुपाचं मात्र गणपती-दिवाळीला उलटं होतं. आमचं वहिनींबरोबर असंच आहे, फक्त कागदाऐवजी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं.

अंडं मोजून देत असाल तर अजून एक. गावरान अंडं चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं, लेयरचं (पोल्ट्रीतल्या, अंड्यांसाठीच्या कोंबडीचं) पंचावन्न. तुमच्याकडे मधेच दोन लेयर आल्या (येतातच, कोणीतरी देऊन जातं) तर अंडी मिसळून देऊ नका. समोरचा बोलत नाही पण त्याला दिसतं.

काकू, आम्ही दिंडोरीकडचे. रक्त बदलावं म्हणून मी माझा कोंबडा मित्राला दिला आणि त्याचा मी आणला. पाचव्या दिवशी त्याचा कोंबडा मान वाकडी करून पडला, हिरवी हगवण, आणि दहा दिवसांत माझ्या एकोणीसपैकी तेरा कोंबड्या गेल्या. मित्र म्हणतो माझ्याकडे एकही मेली नाही. तो खोटं बोलतोय का? आणि मी नुकसान मागू शकतो का?

वाचून फार वाईट वाटलं हो. तेरा म्हणजे खुराडंच रिकामं.

तुम्ही सांगताय त्यावरून ही राणीखेत असावी, ज्याला आपण मानमोडी म्हणतो, पण नक्की काय ते पशुवैद्यकीय दवाखान्यातलेच सांगतील, मेलेला ताजा पक्षी घेऊन गेलं तर. मित्र खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. हा रोग शरीरात दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत दडून बसतो, दिसायला पक्षी ठणठणीत. शिवाय त्याच्या कोंबड्यांना लस झालेली असेल तर त्या रोग अंगावर काढतात, मरत नाहीत, पण दुसऱ्याला देऊ शकतात. तुमच्याला लस नव्हती, बरोबर ना? मग त्याचं कमी आणि तुमचं जास्त हुकलंय, कडू वाटेल पण आहे.

कोंबडा बदलणं मात्र बरोबर केलंत. तोच कोंबडा तीन-तीन वर्षं ठेवला की पोरींशीच जोडी लागते, मग अंडी पोकळ निघतात, पिल्लं किडकी होतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा, आणि दर वर्षी-दीड वर्षानं शेजारगावातून बदल, हे आपले लोक पूर्वीपासून करतात. फक्त आणलेला पक्षी सरळ खुराड्यात सोडायचा नाही! तीन आठवडे वेगळा. वेगळा म्हणजे डालग्याखाली त्याच अंगणात नव्हे, घराच्या दुसऱ्या बाजूला, त्याचं पाण्याचं भांडं वेगळं, आणि आधी आपल्या कोंबड्यांचं सगळं आवरून मग शेवटी त्याच्याकडे जायचं, चपला बदलून. तीन आठवड्यांत काय असेल ते बाहेर पडतं.

आता लस. लोक म्हणतात पंधरा कोंबड्यांसाठी कोण आणणार, कारण बाटली येते शंभर-दोनशे डोसांची आणि एकदा फोडून मिसळली की तासा-दोन तासांत संपवायला लागते, उरलेली ठेवता येत नाही. अहो मग इथंच तर शेजारी कामाला येतात. आमच्या वाडीत आम्ही सात घरं मिळून आणतो. एक जण तालुक्याहून थर्मासमध्ये बर्फात घालून आणतो, सगळ्यांनी आदल्या रात्रीच पक्षी कोंडलेले असतात आणि सकाळी ऊन चढायच्या आत माझ्या ओट्यावरून सुरुवात होते. पिल्लांना पाच ते सात दिवसांची असताना लासोटा (ही राणीखेतचीच लस), डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, परत चौथ्या आठवड्याच्या सुमारास, आणि आठ आठवड्यांला आर-टू-बी (तीही राणीखेतचीच) टोचून. एक जण धरतो, एक जण थेंब सोडतो, एक पोरगं झालेल्याच्या पायाला सुतळीचा तुकडा बांधतं, नाहीतर तोच पक्षी दोनदा येतो. खर्च डोक्यामागे काढला तर चहाच्या घोटाएवढाही नाही. ही खरी सावड! शेतात भांगलायला एकमेकांकडे जातो तशी.

नुकसान मागू नका. पण मित्राला सांगा, पुढच्या उन्हाळ्यात गावरान पिल्लांची एक जोडी देशील का, लस केलेली. देईल.

आणि सगळ्यांनाच सांगते, आसपास पटापट पक्षी मरायला लागले, कोंबड्या असोत की कावळे, तर त्या दिवसापासून देवाणघेवाण बंद. अंडी, पिल्लं, खत, रिकामी टोपलीसुद्धा इकडची तिकडे नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू पहिल्यांदा आपल्या देशात सापडला, २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्यात निघाला, तेव्हा ज्यांनी घाबरून पक्षी पाहुण्यांकडे नेऊन ठेवले त्यांनी पाहुण्यांचंही वाटोळं करायची वेळ आणली असती. दवाखान्यात कळवा, १९६२ हा पशुसंवर्धनाचा फोन आहे. मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नका, खोल खड्डा, वर चुना.

मी सिंधुदुर्गातली. मुंबईहून आलेल्या चुलत दिरांनी मला दहा तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या) अर्धेलीवर दिल्या, म्हणजे सांभाळायच्या मी, पिल्लं झाली की निम्मी त्यांची निम्मी माझी. सहा महिने झाले, चार मुंगसानं नेल्या. आता ते म्हणतात दहाच्या दहा मुद्दल परत पाहिजे, आणि वर पिल्लांत वाटा. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. पण तुम्ही ठरवताना मरणाचं बोललात का? नाही ना. कोणीच बोलत नाही, शुभ काम करताना अशुभ कशाला म्हणून.

आमच्याकडे याला अर्धल म्हणतात, शेळ्यांना जास्त चालतं, कोंबड्यांनाही. मी ज्या जुन्या लोकांकडून शिकले त्यांची रीत अशी, की रोगानं किंवा जनावरानं मेलं तर ते दोघांचं मेलं, मालकाचं मुद्दल गेलं आणि सांभाळणाऱ्याची मेहनत गेली. पण सांभाळणाऱ्यानं पुरावा दाखवायचा, पिसं, पाय, डोकं, जे उरलं ते, त्याच दिवशी. हरवली, दिसत नाही, असं म्हटलं तर मात्र सांभाळणाऱ्यानं भरून द्यायचं, कारण हरवलेली कोंबडी कुणाच्या तरी हंडीत गेलेली असते असा सगळ्यांचाच अनुभव. आता तुमचे दीर मुंबईत, त्यांना पिसं कोण दाखवणार, म्हणून मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. फोटो काढला नसाल तर तुमची बाजू थोडी लंगडी आहे.

माझं स्वतःचं एक सांगते. मी एकदा बहिणीच्या मुलाच्या आठ कोंबड्या अर्धलीवर घेतल्या आणि खुराड्याची खालची फळी कुजलेली होती, उद्या बघू उद्या बघू करत राहिले. एका रात्री रानमांजर शिरलं आणि पाच मारल्या, नेली एकच. भाचा काही बोलला नाही. पण ते मुंगसाचं-मांजराचं नव्हतं, फळीचं होतं, आणि फळी माझी होती. मी पाच भरून दिल्या. तेव्हा तुमच्या चार कशा गेल्या ते तुम्हीच आठवा. भरदिवसा रानात चरताना नेल्या असतील तर दिरांना स्पष्ट सांगा, राहिल्या सहा, त्यावर वाटा. खुराड्यातून गेल्या असतील तर मधला मार्ग काढा, दोन तुम्ही भरा.

पुढे काय ठरवायचं तेही लिहिते, खाद्य कुणाचं, लस कुणाची, अंडी खायची की नाही (हे कोणी ठरवत नाही आणि सगळे खातात), नर पिल्लं मोठी झाल्यावर विकायची की वाटायची, आणि संपवायचं कधी. शिमग्याला किंवा गणपतीला, दोघं गावात असतात तेव्हा.

ताई, मैत्रिणीकडून गावरान कोंबडीची बारा अंडी उबवायला आणली, बदल्यात तिला दोन किलो पोह्याचे पापड दिले. खुडूक कोंबडीखाली ठेवली, पण तीनच पिल्लं निघाली. पापड वाया गेले का माझे?

तीनच म्हणजे काहीतरी नक्की बिघडलं, पण मैत्रिणीकडेच बिघडलं असं नाही. अंडी किती दिवसांची होती? उबवायला सात दिवसांच्या आतली घ्यायची, फ्रीजमधली अजिबात नाही, धुतलेली नाही. गाडीवरून आणलीत का? खड्ड्यांतून हादरे बसले की आतलं सुटतं, म्हणून तुसात किंवा भुशात, निमुळतं टोक खाली करून आणायची आणि घरी आल्यावर अर्धा दिवस तशीच शांत ठेवून मग रात्री कोंबडीखाली सरकवायची. दिवसा सरकवली की ती उठते, चिडते.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला लावून बघायचं. आत कोळ्यासारखी तांबडी जाळी दिसली तर आत जीव आहे. लख्ख पिवळं दिसलं तर पोकळ, काढून घ्या. आणि इथंच हिशोब करा. सातव्या दिवशी जेवढी पोकळ तेवढी मैत्रिणीच्या कोंबड्याची चूक (किंवा रस्त्याची), त्याच्या पुढं एकविसाव्या दिवसापर्यंत जी बिघडली ती आपल्या कोंबडीची, ती उठून फिरत असेल, पावसात भिजली असेल. मी तर देताना सांगूनच टाकते, सातव्या दिवशी जेवढी पोकळ निघतील तेवढी बदलून देईन, नंतरची तुझी. त्यानं भांडण निम्मं होतं.

खुडूक कोंबडीचीही देवाणघेवाण होते बरं का, आम्ही उसनी देतो. माझ्याकडे एक काळी आहे, तिच्याखाली काहीही ठेवा, बदकाची ठेवली तरी अठ्ठावीस दिवस बसेल. तिला वर्षातून दोनदा शेजारी नेतात आणि पिल्लांतली तीन मला. कोंबडीला पत्ताच नाही की ती कामाला जाते.

एक सावधगिरी, गिरिराज किंवा वनराजची अंडी उबवून तशीच पिल्लं मिळतील या आशेनं बदलून घेऊ नका. गिरिराज बंगळूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तयार झालेली, वनराज हैदराबादची, या संकराच्या जाती आहेत, घरी काढलेल्या पुढच्या पिढीत कोणी बापासारखं कोणी आजीसारखं निघतं, वाढही कमी. गावरानला तो प्रश्न नाही.

आता राहिलेली पत्रं भराभर.

चाकणहून एकांनी विचारलंय की कोंबडीखत देऊन शेजाऱ्याकडून मिरची घ्यायची होती, पण त्यांची रोपंच जळाली. अहो ताजं दिलंत! खुराड्यातलं ताजं खत फार तेज असतं, दोन-तीन महिने ढिगात पाणी मारून, उलथापालथ करून कुजू द्यायचं, हात घातला तर गरम लागायचं थांबलं आणि वास मातीचा आला की द्यायचं. मिरची आता पुढच्या मोसमात मागा, आणि या वेळी रोपं तुम्ही द्या.

पुण्यात बंगल्याच्या मागं चार कोंबड्या आणि एक कोंबडा पाळणाऱ्या ताईंना शेजारच्या फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर हैराण केलंय, पहाटे साडेचारला आरवतो म्हणून. ताई, कोंबडा गावाकडे कुणाला तरी देऊन बदल्यात तांदूळ घ्या. अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, फक्त पिल्लांसाठी लागतो. हे अर्ध्या पुण्याला माहीत नाही. आणि पहिल्या आठवड्यात त्या फ्लॅटवाल्यांना सहा अंडी पाठवा.

एका तरुण वाचकानं (बहुतेक सीए करतोय) विचारलंय की अदलाबदलीवर जीएसटी लागतो का. हसू नका, प्रश्न बरोबर आहे. २०१७ च्या कायद्यात सातव्या कलमात पुरवठ्यात विक्रीबरोबर वस्तुविनिमयसुद्धा धरलाय. पण कवचातली ताजी अंडी आणि जिवंत कोंबड्या यांवर कर शून्य, आणि तूप करात येत असलं तरी नोंदणीचा प्रश्न येतो तो वर्षाला चाळीस लाखांच्या वर माल गेला की. तेवढं तूप कोण देतंय शेजाऱ्याला, मलाही पत्ता द्या.

मुंबईच्या एका आजींनी लिहिलंय की आमच्या वेळी बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेली घ्यायचो, ती पण अदलाबदलच ना? हो आजी, आणि आपल्या देशात त्याच्यासारखी घासाघीस कुठंच नाही. साडीची जर दोन बोटांनी ताणून बघणं आणि पातेल्याला टिचकी मारून आवाज ऐकणं, दोघी एकमेकींच्या वरचढ. गुहागरकडच्या दुसऱ्या एका वाचकांनी आठवण काढलीय, की सुकी मासळी घेऊन बाया वर यायच्या आणि भात घेऊन खाली जायच्या, पैसा मधे यायचाच नाही. मी लहान असताना आमच्याकडेही बोंबील-जवळा घेऊन येणारी एक मावशी होती, आई तिला भात मापून द्यायची आणि वर एक ओंजळ टाकायची. मावशी तेवढ्याच वेळी एक मूठ जवळा वर टाकायची. ती मूठ आणि ती ओंजळ कुठल्याच हिशोबात नव्हती.

शेवटचं पत्र जुन्नरकडच्या एका सूनबाईचं. तिच्या घरात शेजाऱ्यांचे अकरा डबे साठलेत, कुणाचं दही आलं, कुणाचं लोणचं, आणि सासूबाई म्हणतात रिकामा डबा परत द्यायचा नाही, त्यामुळे एकही जात नाही, नुसते येतात. सूनबाई, सासूबाईंचं बरोबर आहे, पण आत पुरणपोळीच घालायला पाहिजे असं नाही. चमचाभर साखर घातली तरी डबा भरलेला धरतात, चार अंडी मावली तर फारच छान, खाली भाताचं तूस घालून. फक्त देण्याआधी झाकणं नीट बघून घे, अकरा डब्यांत दोन-तीन झाकणं तरी अदलाबदल झालेली असणारच, आणि स्टीलच्या झाकणावर आतून सुईनं कोरलेलं नाव असतं, ते सासूबाईंना चष्मा लावून वाचायला बसव.